कराओके आणि छोट्या मैफलींसाठी स्पीकर: पंधरा इंचीच घ्यावा का?

सुदामानगरी (धागाकर्ता)

सोसायटीच्या क्लब हाउसात महिन्यातून दोन शनिवारी कराओके असतं. हॉल ३५ बाय २२ फूट, छत १० फूट, खाली मार्बल, एक लांब भिंत अख्खी सरकत्या काचांची. माणसं ४० ते ५०. शिवाय इथे इंदुरातच विजयनगरच्या एका कॅफेत २५-३० लोकांसमोर गिटार, काहोन (खोक्यासारखं तालवाद्य) आणि एक गळा. गणपतीत गच्चीवर सुगम संगीत, दीडशे खुर्च्या.

सध्या ट्रॉली स्पीकर आहे. ढमढम भरपूर, शब्द कळत नाहीत, आवाज वाढवला की शिट्टी. स्पीकर, मिक्सर, दोन माइक, स्टँड, वायरी सगळं धरून बजेट एक लाख. जेल रोडवर पंधरा इंची पॉवर्ड (आतच ॲम्प्लिफायर असलेली) जोडी दाखवली, खोक्यावर '२००० वॉट' छापलेलं. तिन्ही जागी हीच चालेल, असं दुकानदाराचं म्हणणं. घ्यावी का?

खर्जातला_सा

खोक्यावरचे वॉट आधी विसरा. छापलेला आकडा बहुतेक वेळा 'पीक' असतो, म्हणजे क्षणभराचा. सतत पेलण्याची ताकद त्याच्या निम्मी-पाव असते. आणि खरे वॉट दुप्पट झाले तरी आवाज वाढतो फक्त ३ डीबी (डेसिबल). कानाला दुप्पट वाटायला साधारण १० डीबी लागतात, म्हणजे दहापट वॉट. ५०० आणि १००० वॉटमधला फरक प्रेक्षकाला जेमतेम जाणवतो.

माहितीपत्रकात बघायचा आकडा म्हणजे एक मीटरवरचा कमाल एसपीएल, म्हणजे पेटी जास्तीत जास्त किती डीबी आवाज देते तो. तो छापलेलाच नसेल तर खोकं परत ठेवा. गणित असं करा: शेवटच्या रांगेत सरासरी ८८ डीबी हवेत. गाण्यातले उसळते स्वर, ढोलकीची थाप यांसाठी वर १५ डीबी मोकळे ठेवायचे, झाले १०३. उघड्यावर अंतर दुप्पट झालं की ६ डीबी पडतात. ९ मीटरवर १९ डीबी गेलेले असतात. म्हणजे एक मीटरवर १२२ हवेत. दोन स्पीकर असल्यामुळे ३ वजा, प्रत्येकी ११९. बंद हॉलमध्ये भिंतीही आवाज परत देतात, त्यामुळे प्रत्यक्षात याहून कमीत भागतं.

गच्चीवर १५ मीटरला साडेतेवीस डीबी पडतात. तोच हिशेब प्रत्येकी १२३-१२४ वर जातो. छापील कमाल एसपीएलमधून ६ वजा केले की स्वच्छ आवाजाचा भरवशाचा आकडा मिळतो. यामाहाच्या डीबीआर मालिकेत दहा इंचीचा छापील आकडा १२९ आहे, बारा इंचीचा १३१. वजा करून १२३ आणि १२५. हॉलला दहा इंची पुरून उरतो, गच्चीवर काठावर पास. (यामाहाच घ्या असं नाही, आकडा कसा वाचायचा त्याचं उदाहरण.)

आता इंच. पंधरा इंची कोन (स्पीकरचा हलणारा कागदी पडदा) साधारण १ किलोहर्ट्झच्या वर आवाज अरुंद झोतात फेकायला लागतो, कारण तिथे ध्वनीची तरंगलांबी कोनच्या व्यासाएवढी होते. स्वस्त पेटीत वर उंच सुरांसाठी एक इंची ड्रायव्हर असतो, तो २ किलोहर्ट्झच्या खाली झेपत नाही. मधला पट्टा मग कोनच कसाबसा भरतो: समोरच्याला ठीक, बाजूच्या खुर्चीवरच्याला कोंदट. माणसाच्या आवाजाची ओळख आणि शब्दांचा अर्धा अर्थ नेमका त्या पट्ट्यात असतो. पेटीत बसवलेला बेसही फुगीर असतो, दुकानात छान वाटावा म्हणून. तुमच्या ट्रॉलीचं दुखणंही हेच आहे. पंधरा इंची घेऊन तेच दुखणं जास्त मोठ्याने ऐकू येईल.

चांगली पंधरा इंची पेटी वाईट नसते. तिच्यात ड्रायव्हरची कॉइल पावणेदोन इंच किंवा मोठी असते आणि तो खालपर्यंत उतरतो. ती तुमच्या बजेटात बसत नाही.

मिक्सरमामा

+१. त्यात भर: तुमच्या हॉलमध्ये स्पीकरपेक्षा हॉलच मोठा शत्रू आहे.

३५ × २२ × १० फूट म्हणजे सुमारे २१८ घनमीटर. मार्बल, काच, प्लास्टर आवाज शोषत नाहीत. रिकाम्या खोलीचं एकूण शोषण १२-१३ चौरसमीटर धरलं तर घुमण्याचा काळ येतो २.८ सेकंद. पन्नास माणसं बसली की प्रत्येकी सुमारे अर्धा चौरसमीटर शोषण वाढतं आणि काळ उतरतो एका सेकंदावर. संध्याकाळी सहाला रिकाम्या हॉलमध्ये केलेली जुळवणी आठ वाजता भरलेल्या हॉलमध्ये चुकीची ठरते ती यामुळे. सगळं बरोबर होतं, पण माणसं यायची होती.

काचांवर जाड, चुण्या पडलेले पडदे लावा. बारा चौरसमीटर पडद्याने रिकाम्या हॉलचे २.८ सेकंद दोनच्या आत येतात. पैसे कमी पडले तर स्पीकरचा एक दर्जा खाली उतरा, पण पडदे घ्याच. एवढ्या घुमणाऱ्या खोलीत स्पीकरपासून दीड-दोन मीटरच्या पुढे थेट आवाजापेक्षा घुमलेलाच जास्त ऐकू येतो. भरल्या खोलीतही ती हद्द जेमतेम अडीच-पावणेतीन मीटर.

जागा: स्पीकर आखूड भिंतीकडे, काचांना समांतर फेकणारे. कोपऱ्यात कोंबू नका, मागची आणि बाजूची भिंत दोन्ही मिळून बेस फुगवतात. भिंतीपासून एक मीटर पुढे. स्टँडवर इतके उंच, की वरचा ड्रायव्हर बसलेल्यांच्या डोक्यांच्या वर राहील, साधारण ६ फूट. दहा फुटी छताखाली त्याहून उंच नेऊ नका. शक्य असेल तर तोंड किंचित खाली, शेवटच्या दोन रांगांकडे. आवाज माणसांवर पडतो, मागच्या भिंतीवर नाही. माणसं हेच तुमचं सर्वांत चांगलं शोषक आहे आणि ते फुकट येतं.

गाणारा नेहमी स्पीकरच्या मागच्या रेषेत. क्लब हाउसात सगळे स्पीकर भिंतीला टेकवतात आणि गाणाऱ्याला त्यांच्यासमोर उभा करतात. मग शिट्टी येते, आणि दोष माइकला.

पोहेजलेबी

भिया, सगळं पटलं, पण कराओकेचा ट्रॅक दहा इंचीवर सपाट वाजतो. सत्तरच्या दशकातल्या गाण्यांना चालेल, नव्या गाण्यांत किक ड्रम ऐकूच येणार नाही. पब्लिक नाचायला उठत नाही मग.

खर्जातला_सा

बरोबर आहे, दहा इंची ६०-६५ हर्ट्झच्या खाली फारसं काही देत नाही. पण उपाय मोठी पेटी नव्हे, वेगळा सबवूफर. एकच, बारा किंवा पंधरा इंची, जमिनीवर. फायदा दुहेरी: वरच्या पेट्यांचा १०० हर्ट्झखालचा भाग कापला की त्यांचा कोन मोकळा होतो आणि गळा आणखी स्वच्छ येतो.

हे आजच घ्यायची गरज नाही. आधी जोडी घ्या, तीन-चार कार्यक्रम करा, खरंच कमी वाटलं तर सब. मात्र मिक्सर घेताना ऑक्स किंवा सबग्रुपचं (निवडक चॅनल वेगळे बाहेर पाठवायचं) वेगळं आउटपुट असलेला घ्या. सबला फक्त ट्रॅक पाठवायचा, माइक नाही. माइक हाताळल्याची धडधड, 'प' 'फ' 'भ' चे फटके सबमध्ये गेले की हॉल हादरतो.

रातराणी

कराओके चालवणाऱ्यांसाठी काही गोष्टी, ज्या स्पीकरच्या नावावर खपतात पण स्पीकरच्या नसतात.

माइकची जाळी मुठीत धरणारे दर कार्यक्रमात निघतात. मूठ बंद झाली की कार्डिऑइड (मुख्यतः समोरचंच ऐकणाऱ्या) माइकची मागची दारं बुजतात आणि तो चहूबाजूंनी ऐकायला लागतो. शिट्टी येणारच. सुरुवातीलाच सांगा: दांडा धरायचा, जाळी नाही. ओठांपासून दोन-तीन बोटं. लांब धरणाऱ्याचा आवाज कमी येतो म्हणून तुम्ही फेडर चढवता, पुढचा गाणारा माइक गिळतो, आणि मग सगळे कान धरतात. यावर कंप्रेसर (मोठा आवाज आपोआप दाबणारी सोय) लावता येतो, पण तो हलका ठेवा, ३:१ पुरे. जास्त लावला की शांत जागी शिट्टी डोकं वर काढते.

बाजूला ठेवलेला दुसरा माइक बंद. उघड्या माइकांची संख्या दुप्पट झाली की शिट्टीआधीची मोकळीक ३ डीबीने घटते. कराओकेत चार माइक उघडे टाकून गप्पा मारणं ही फार महागडी हौस आहे.

गाणाऱ्याला मॉनिटर हवाच. आपला आवाज ऐकू आला नाही की तो ओरडतो, आणि ओरडला की सूर सुटतो. जमिनीवर एक आठ इंची पेटी तिरकी. एसएम५८ सारख्या कार्डिऑइड माइकला मॉनिटर अगदी समोर, माइकच्या शेपटीकडे ठेवायचा, कारण तो बरोबर मागे सर्वांत बहिरा असतो. बीटा ५८ सारख्या सुपरकार्डिऑइडचे बहिरे कोन मात्र मागून थोडे बाजूला असतात, त्याला मॉनिटर तिरक्या बाजूला. माइक बदलून मॉनिटर तसाच ठेवला की 'नवीन माइक जास्त शिट्टी मारतो' अशी तक्रार येते. मॉनिटरमध्ये ट्रॅक कमी, गळा जास्त, एको अजिबात नाही.

एको: लोकांना हवा असतो, द्या, पण गाण्याच्या चालीत. ६०,००० ला मिनिटाच्या ठोक्यांनी भागा. १०० ठोक्यांचं गाणं असेल तर ६०० मिलिसेकंद, त्याचा निम्मा ३००. घुमणाऱ्या हॉलमध्ये ३०० घ्या आणि पुनरावृत्ती दोनच. लताबाईंचं जन्मगाव असल्यामुळे इथे प्रत्येकीला त्यांचीच तारसप्तकातली गाणी गायची असतात (हौसेला मोल नाही). त्या उंचीवर २ ते ४ किलोहर्ट्झ टोचतो. तिथे २-३ डीबी कमी करा. एको वाढवून टोचणं झाकत नाही, दोनदा टोचतं.

प्रत्येक माइकला १०० हर्ट्झचा लो-कट (त्याखालचा आवाज कापणारी कळ) दाबलेला असू द्या. खंडव्याच्या किशोरदांची गाणी गाणाऱ्या पुरुषांनाही. त्यांना वाटतं खर्ज गेला. गेलेला असतो तो पंख्याचा घूं आवाज.

सुदामानगरी

रातराणीताई, मामा, आभार. पडद्यांचं कमिटीत मांडतो. एक शंका: दोन्ही स्पीकर ब्लूटूथने एकमेकांना जोडता येतात, असं दुकानदार म्हणाला. म्हणजे मधली वायर वाचेल. आणि ट्रॅक ब्लूटूथने दिला तर गाणं मागे पडतं का?

रातराणी

दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

फोनवरून ट्रॅक ब्लूटूथने दिला तर तो दीड-दोनशे मिलिसेकंद उशिरा येतो, पण गाणारा तो स्पीकरमधूनच ऐकून गातो, माइक वायरने थेट जातो, त्यामुळे गाणं आणि ट्रॅक जुळतात. गडबड होते ती पडद्यावरच्या शब्दांची: रंग बदलतो आधी, सूर येतो मागून. बरीच प्लेअर ॲप ते सांभाळून घेतात, पण फोनची पडदाजोडणी टीव्हीला वेगळ्या वाटेने केली असेल तर नाही. नवखा गाणारा रंग बघून उचलतो आणि दर ओळीला आधी घुसतो. तरी वायरच वापरा. फोन ब्लूटूथवर असला की मधेच कोणाचा तरी कॉल हॉलभर वाजतो.

दोन स्पीकर ब्लूटूथने जोडणं मात्र कराओकेत नको. अनेक मॉडेलांत माइक लावलेल्या स्पीकरवर आवाज लगेच येतो, दुसऱ्यावर उशिरा, किंवा दुसऱ्यावर माइक येतच नाही. अर्धा हॉल तोच शब्द दोनदा ऐकतो. मिक्सरमधून दोन एक्सएलआर (तीन पिनांच्या माइकवाल्या) वायरी, संपलं. तसंच खेळण्यातले ब्लूटूथ माइक घेऊ नका, तिथे उशीर गळ्यालाच लागतो.

वायरलेस हवाच असेल तर यूएचएफ घ्या. २.४ गिगाहर्ट्झवाले घरी छान चालतात. हॉलमध्ये पन्नास फोन आणि सोसायटीचं वायफाय आलं की तुटतात.

तबलजी_तुकोगंज

गणपतीतल्या सुगम संगीताबद्दल कोणी बोललं नाही, म्हणून.

कराओकेला शिजलेला ट्रॅक असतो, तिथे स्पीकरला ताण कमी. जिवंत तबल्यात चाटीची थाप सरासरीपेक्षा १५-२० डीबी उसळते. लहान पेटीचा लिमिटर (स्पीकर वाचवणारी आतली सोय) दर थापेला आवाज दाबतो आणि त्याबरोबर गळाही दबतो, कारण दोन्ही त्याच पेटीत. ऐकणाऱ्याला वाटतं गायक दमला. म्हणून गच्चीसाठी बारा इंची घ्या, किंवा दहा इंचीबरोबर सब भाड्याने आणा.

डग्ग्याची गुमक १०० हर्ट्झच्या आसपास आणि खाली खेळते. त्या माइकला लो-कट लावू नका, किंवा ५० च्या खाली ठेवा. रातराणींचा नियम गळ्याला लागू, डग्ग्याला नाही. माइक तबला-डग्ग्याच्या मधोमध एकच, वरून, वीतभर उंचीवर, तबल्याकडे थोडा झुकलेला. हार्मोनियमचा माइक भात्यासमोर नको, हवेचा फुसफुसाट येतो. इलेक्ट्रॉनिक तानपुऱ्याला माइक लावू नका, त्याच्या लाइन आउटमधून वायर घ्या.

अर्थिंग_आवश्यक

क्लब हाउसातली सगळ्यात मोठी तक्रार येणार आहे ती घूं करणाऱ्या लॅपटॉपची. आधीच सांगून ठेवतो.

चार्जर लावला की घूं, काढला की गायब: हा ग्राउंड लूप. लॅपटॉप एका भिंतीच्या सॉकेटवर, मिक्सर दुसऱ्या, त्यांचं अर्थ वेगळ्या वाटेने गेलेलं. उपाय क्रमाने: (अ) लॅपटॉप, मिक्सर, स्पीकर सगळं एकाच सॉकेटवरच्या एका जाड एक्स्टेन्शनवर, (आ) तरी राहिला तर लॅपटॉप आणि मिक्सरच्या मधे आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर किंवा स्टिरिओ डीआय बॉक्स. प्लगची अर्थची पिन कधीही काढायची नाही. घूं जातो, हे खरं. पण त्यानंतर बिघाड झाला तर करंट जायला वाट म्हणजे माइक धरलेला हात आणि ओठ.

विजेची भीती उगाच बाळगली जाते. दोन पॉवर्ड दहा इंची पेट्या गाण्याच्या पातळीवर सरासरी दोनेकशे वॉट ओढतात, १००० छापलेलं असलं तरी. ६ अँपिअरच्या सॉकेटवर निवांत चालतात. चहाची किटली मात्र त्याच एक्स्टेन्शनवर लावू नका. घरचा चौरस लहरीचा इन्व्हर्टर काही पेट्यांत गुणगुणतो. शुद्ध साइन असेल तर प्रश्न नाही. मॅरेज गार्डनच्या जनरेटरवर आधी मीटरने व्होल्टेज बघा, मगच प्लग. २५० च्या वर असेल तर थांबा.

चालू करताना मिक्सर आधी, स्पीकर शेवटी. बंद करताना उलट. नाहीतर 'ठप्' आवाज येतो आणि हाय-ड्रायव्हरचा पापुद्रा जातो.

नियमवाचक

गच्चीच्या गणितात एक गोष्ट राहिली. ध्वनिप्रदूषण नियम, २००० नुसार निवासी भागाची दिवसाची मर्यादा ५५ डीबी(ए), रात्रीची ४५; रात्र म्हणजे १० ते सकाळी ६. खासगी जागेतला ध्वनिवर्धक त्या जागेच्या हद्दीवर या मर्यादेपेक्षा ५ हून जास्त वर जाता कामा नये, म्हणजे सोसायटीच्या कुंपणावर ६०. सार्वजनिक जागी हद्दीवर परिसराच्या ठरलेल्या मर्यादेपेक्षा १० जास्त किंवा ७५, यात कमी असेल ते. उघड्यावर ध्वनिवर्धकाला लेखी परवानगी लागते. रात्री दहानंतर बंद सभागृहातच चालतं. सणांसाठी राज्य वर्षाकाठी जास्तीत जास्त १५ दिवस बारापर्यंत सूट देऊ शकतं. मध्य प्रदेशात डिसेंबर २०२३ च्या आदेशापासून याची अंमलबजावणी कडक आहे.

तर गच्चीवर शेवटच्या रांगेत ८८ डीबी हे स्वप्न सोडा.

मिक्सरमामा

नियमवाचक, नेमकं बोललात, आणि यामुळे निवडच बदलते. पुढे दोन दणदणीत पेट्या ठेवल्या की पहिली रांग बहिरी, शेवटची रांग खूश आणि पलीकडच्या बिल्डिंगचा फोन ठाण्यात. त्याऐवजी चार लहान पेट्या, माणसांजवळ, तोंड खाली. दोन पुढे, दोन साधारण आठ मीटरवर मध्यात. प्रत्येकीला सात-आठ मीटरच पोचायचं असतं, म्हणून आवाज कमी ठेवूनही शब्द कळतात. सुगम संगीताला सरासरी ७८-८० पुरे.

मधल्या जोडीला डिले (मुद्दाम दिलेला उशीर) द्यावा लागतो: मीटरमागे २.९ मिलिसेकंद. आठ मीटरला २३, त्यात आणखी ५ ते १० टाका, म्हणजे कानाला आवाज स्टेजवरूनच आल्यासारखा वाटतो. डिले दिला नाही तर मागच्यांना प्रत्येक शब्दाची सावली ऐकू येते. ही सोय साध्या ॲनालॉग मिक्सरमध्ये नसते. काही पॉवर्ड पेट्यांच्या मागच्या डीएसपी (आतल्या डिजिटल प्रक्रियेच्या) मेनूत असते, घेताना बघा.

पेट्यांची पाठ मोकळ्या बाजूला, तोंड जिन्याच्या खोलीच्या किंवा पाण्याच्या टाकीच्या भिंतीकडे. आणि बेस आवरा. 'ए' भारित मीटर ६३ हर्ट्झला सुमारे २६ डीबी कमी मोजतो, म्हणून मीटर गप्प बसतो, पण खालच्या मजल्याच्या छतातून नेमका तोच उतरतो. गच्चीच्या लादीवर सब ठेवायचाच असेल तर खाली जाड रबर.

भाद्रपद आहे, पाऊस येणारच. वरून प्लास्टिक टाका, पण मागची हीटसिंकची बाजू झाकू नका. भिजलेलं एक्स्टेन्शन दिसलं की कार्यक्रम थांबवायचा. इथे वाद नको.

पोहेजलेबी

आणि ते उंच काठीसारखे कॉलम स्पीकर? कॅफेवाले सगळे तेच लावतायत. दिसायला देखणे, उचलायला हलके.

खर्जातला_सा

बोसने २००३ साली एल१ आणला तेव्हापासून ही जात छोट्या जागी रुळली. उभ्या रांगेतले लहान ड्रायव्हर आवाज आडवा रुंद पसरवतात, वर-खाली अरुंद ठेवतात. छत आणि मार्बलवर कमी आवाज पडतो, आणि जवळच्या-लांबच्या खुर्चीतला फरक कमी होतो. काचेच्या कॅफेत, गिटार आणि एका गळ्याला उत्तम.

कराओकेला दोन अडचणी. जाहिरातीत तो गायकाच्या मागे उभा दाखवतात. एक सरावलेला गायक आणि एक माइक असेल तर चालतं. माइक हलवत फिरणारे चार हौशी गायक असतील तर तोही बाकीच्यांसारखाच शिट्टी मारतो, गायकाच्या पुढेच ठेवावा लागतो. दुसरं, स्वस्त नकलांमध्ये काठीत चारच बारके ड्रायव्हर आणि त्यांचा सब २५०-३०० हर्ट्झपर्यंत वर काम करतो. पुरुषाचा गळा मग अर्धा खालच्या डब्यातून, अर्धा वरच्या काठीतून येतो. ऐकताना कळतं: खाली वाकून डब्याला कान लावा, शब्द ऐकू आले तर तो घेऊ नका.

बॅटरीवरच्या लहान पेट्या, उदाहरणार्थ बोस एस१ प्रो, सुमारे सात किलो, सहा इंची वूफर: पंचवीस माणसांच्या कॅफेला बस, पन्नासच्या कराओकेला नाही.

मिक्सरमामा

दुकानात काय तपासायचं ते लिहितो, कारण जेल रोड असो की महाराणी रोड, दुकानात सगळंच छान वाजतं.

स्वतःचा माइक आणि पेनड्राइव्हवर स्वतःचे तीन ट्रॅक न्या. दुकानदाराचा डेमो ऐकू नका. दोन मॉडेलं तुलनेला घेतलीत तर फोनवरच्या मीटरने दोन्हींचा आवाज सारखा करा; नाहीतर जो २ डीबी मोठा वाजतो तोच 'चांगला' वाटतो. मागच्या बाजूला 'क्लब', 'डीजे' अशी बटणं असतील तर ती सपाट करा. माइकवर मराठीत बोला: "शेजारच्या सासूबाईंनी खसखस चाळली." श, स, च फाटत असतील तर हाय-ड्रायव्हर कच्चा. मग माइक कोणाच्या तरी हातात देऊन ४५ अंश बाजूला जा. आवाज कोंदटला तर हॉलमधल्या अर्ध्या खुर्च्यांना असाच ऐकू येणार आहे. शेवटी सगळं शांत करून एक मीटरवर उभे रहा. फुस्स आणि पंख्याची घरघर किती? कॅफेत आलापाच्या वेळी तीच ऐकू येते.

पॅसिव्ह पेटी आणि वेगळा ॲम्प्लिफायर कायम बसवायला ठीक. फिरत्या कामाला पॉवर्डच. पॅसिव्ह घेतलीत तर दोन ८ ओमच्या पेट्या एका चॅनलवर समांतर लावल्या की ४ ओम होतात, ॲम्प्लिफायर तेवढा पेलतो का बघा. आणि 'छोटा ॲम्प्लिफायर म्हणजे सुरक्षित' ही समजूत चुकीची. कमी ताकदीचा ॲम्प्लिफायर क्लिप झाला (कुवतीबाहेर जाऊन आवाज फाटला) की वरच्या पट्ट्यात जादा ऊर्जा जाते आणि आधी हाय-ड्रायव्हरच जळतो.

सुदामानगरी

वाचनखूण साठवली. पंधरा इंची रद्द. यादी अशी ठरतेय:

दोन दहा इंची पॉवर्ड, कमाल एसपीएल १२८ च्या वरचे, डीएसपीत डिलेवाले. मॉनिटर म्हणून एक आठ इंची. दोन वायरचे कार्डिऑइड माइक, स्विचशिवाय. आठ चॅनलचा मिक्सर, एको आणि दोन ऑक्स. दोन ३५ मिमीचे स्टँड. दहा मीटरच्या तीन एक्सएलआर, माइकच्या वेगळ्या दोन. पडदे सोसायटीच्या खर्चात. गणपतीला आणखी दोन बारा इंची आणि एक सब भाड्याने. लॅपटॉपसाठी ३.५ मिमी ते ६.३५ मिमी स्टिरिओ वायर, मिक्सरच्या तिसऱ्या चॅनलला.

रातराणी

माइक स्विचशिवाय म्हणजे रिकामा माइक मिक्सरवरून बंद करावा लागेल, तेवढी सवय लावा. बाकी छान. स्पीकरच्या मागे इनपुटची कळ 'माइक' वर नव्हे, 'लाइन' वर ठेवा. मिक्सरचा आवाज 'माइक' वर घेतला की पहिल्या गाण्यापासून फाटतो आणि लोक स्पीकर परत करायला निघतात.

अर्थिंग_आवश्यक

शेवटची वायर बदला! तिसरा चॅनल मोनो आहे, त्याचं ६.३५ चं भोक बॅलन्स्ड आहे, म्हणजे प्लगच्या दोन टोकांतला फरक तेवढा घेणारं. स्टिरिओ प्लग तिथे घातला की मिक्सर डाव्यातून उजवा वजा करतो. ट्रॅकमध्ये मधोमध ठेवलेलं सगळं, म्हणजे बेस, किक, मुख्य वाद्य, गायब होतं आणि बाजूचे व्हायोलिन तेवढे पातळ पातळ वाजतात. लोक मग ट्रॅकला शिव्या देतात.

३.५ मिमी ते दोन मोनो ६.३५ अशी इंग्रजी वाय आकाराची वायर घ्या, स्टिरिओ चॅनलला, म्हणजे बहुतेक मिक्सरवर ५-६ किंवा ७-८ लिहिलेलं असतं तिथे. लांबी तीन मीटरच्या आत. आणि अशा दोन घ्या, ३.५ ची पिन सगळ्यात आधी जाते.